पदव्युत्तर शिकता शिकता कारभार शिका : दोन वर्षांत जमेल अशी वाट

आमच्या सातारा-सांगलीकडे नेतृत्व म्हटलं की डोळ्यांपुढे आधी चौकातला फ्लेक्स येतो. हात जोडलेला फोटो आणि खाली वीस-पंचवीस शुभेच्छुकांची नावं. त्यामुळे एम.ए., एम.एस्सी.ला आलेल्या मुलामुलींना मी नेतृत्वाबद्दल विचारलं की ती हसतात आणि म्हणतात, "मॅडम, आपल्याला कुठं राजकारणात जायचंय?" त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांनी हा शब्द त्याच अर्थाने ऐकलेला असतो. पण आपल्याच बोलीत त्याहून नेमका शब्द आहे : कारभारी. घरात दाणागोटा किती उरलाय, पेरणीला पैसे कुठून येणार, पाहुण्यांच्या लग्नाला कोण जाणार, हे ज्याला ठाऊक असतं आणि चुकलं तर ज्याला जाब द्यावा लागतो तो कारभारी. बहुतेक घरांत हे काम प्रत्यक्षात कारभारीणच करते. दुसऱ्याचा वेळ, पैसा आणि विश्वास आपल्या हाती घ्यायचा, काम तडीस न्यायचं आणि शेवटी हिशेब द्यायचा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने शिकायचं ते हे, आणि त्यासाठी कुठल्याही पदाची गरज नाही.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने साताऱ्याला येऊन वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, नंतर पीएच.डी. केली आणि आता पदव्युत्तर वर्गांना शिकवते. विषयात हुशार, पण चार माणसांकडून एक काम करून घ्यायची वेळ आली की गडबडणारी मुलं मी दरवर्षी बघते. मी स्वतः तशीच होते. हे कुणी शिकवलं नव्हतं, ठेचा खात शिकले. पुढच्यांना तेवढ्या ठेचा लागू नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम : आपल्याकडे आधीच काय आहे ते कागदावर काढा

पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच एक वही करा. तिच्यात चार रकाने आखा : काय काम केलं, किती माणसं होती, किती पैसे किंवा दिवस लागले, कुठे अडलं. आता गेल्या पाच वर्षांत तुम्ही जे जे निस्तरलं ते सगळं त्यात लिहा. गावच्या यात्रेची वर्गणी गोळा केली, दूध डेअरीचं दहा दिवसांचं बिल तपासून आणलं, ऊस तोडणीच्या टोळीला वेळेवर आणण्यासाठी चार खेपा मारल्या, धाकट्या भावाचा प्रवेश एकटीने केला, आजोबांच्या दवाखान्याची फाईल सांभाळली. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा कागद कोरा आणून दिला होता. बोलता बोलता कळलं की तिच्या आईच्या बचत गटाचा हिशेब तीन वर्षं तीच लिहीत होती. बारा बायकांचे पैसे, कर्जाचे हप्ते, बँकेची पासबुकं सगळं तिच्याकडे. "ते काय मॅडम, घरचंच काम," असं ती म्हणाली. हे घरचं काम नव्हतं. पैशांचं चोख व्यवस्थापन होतं आणि त्याला नाव देण्याची सवय आपल्याला नाही, एवढंच.

यादी झाली की चौथा रकाना पुन्हा वाचा. बहुतेकांचं अडणं एकाच जागी असतं. कुणाला नाही म्हणता येत नाही. कुणी दुसऱ्यावर काम सोपवत नाही, सगळं स्वतःच ओढतो. कुणी सुरुवात जोरात करतो आणि शेवटचा हिशेब राहून जातो. तुमचं अडणं कुठे आहे ते एका ओळीत लिहून ठेवा. पुढची दोन वर्षं त्यावर काम करायचं आहे.

दुसरं : स्वतःच्या वेळेचा कारभार

ज्याला स्वतःचा आठवडा सांभाळता येत नाही त्याच्या हाती लोक आपला आठवडा देत नाहीत. एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा, आणि ती प्रामाणिकपणे ठेवा. एसटीचा प्रवास, स्टँडवर वाट बघणं, घरचं काम, मोबाईल, प्रयोगशाळा, झोप. खेड्यातून येणाऱ्या मुलांचे दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यात जातात. ते गेले म्हणून हळहळण्यापेक्षा त्या वेळेला बसेल असं काम शोधा. गर्दीत उभं राहून लिहिता येत नाही, पण व्याख्यान ऐकता येतं, उद्या कुणाला काय विचारायचं ते मनात जुळवता येतं.

आता मुख्य गोष्ट. माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे दीडपटीहून जास्त. सगळं बिघडलं तर किती लागतील, असं विचारल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला, त्याहीपेक्षा हे दिवस जास्त होते. म्हणून "मला किती दिवस लागतील?" हा प्रश्न स्वतःला विचारू नका. "मागच्या वेळी असंच काम करायला किती लागले होते?" असं विचारा. मागचा अनुभव नसेल तर मनातल्या आकड्याची दीडपट करा आणि तीच तारीख मार्गदर्शकांना सांगा.

शिवाय मोजणी शेवटाकडून सुरुवातीकडे करा. आमच्या विषयातलं उदाहरण देते. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या नामांकनातून जागतिक वारसा यादीत गेलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे काम करणाऱ्याला छळते ती दुसरीच गोष्ट : फुलं तुमच्यासाठी थांबत नाहीत. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढ्यात मुख्य बहर संपतो. ती वेळ चुकली की नोंदी एकदम पुढच्या वर्षी. म्हणजे ऑगस्टअखेरीला पठारावर असायचं तर वन विभागाची परवानगी जुलैत हातात हवी, तिच्यासाठी अर्ज मे महिन्यात, अर्जासोबत जोडायचा आराखडा एप्रिलमध्ये मार्गदर्शकांनी बघितलेला हवा. नोंदीचा तक्ता आधी गावच्या माळावर वापरून बघायला हवा, पावसात कागद भिजू नये म्हणून काय करायचं ते ठरायला हवं, सोबत कोण येणार हे पक्कं हवं. जो विद्यार्थी जुलैत जागा होतो त्याचं वर्ष जातं. इतिहासवाल्याला पुराभिलेखागार, समाजशास्त्रवाल्याला सुगीच्या आधीचं गाव, वाणिज्यवाल्याला मार्चअखेर. प्रत्येक विषयाचा असा एक न थांबणारा बहर असतो. तो ओळखा आणि तिथून मागे मोजत या.

तिसरं : एक छोटं काम घ्या, पण पहिल्या पत्रापासून शेवटच्या पावतीपर्यंत

अर्धवट दहा कामांपेक्षा पूर्ण एक काम जास्त शिकवतं. साताऱ्यात हे सांगायला उदाहरण लांबून आणावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम स्वतः करायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आपण कमानीवर वाचतो आणि पुढे जातो. पण शंभरेक पोरांचं जेवण वेळेवर शिजवायचं, धान्य महिनाभर पुरवायचं, पाळ्या लावायच्या आणि पाळी चुकवणाऱ्याशी बोलायचं, हे व्यवस्थापनाचं रोजचं प्रात्यक्षिक होतं. बोर्डिंगातल्या एका गरीब विद्यार्थ्याने, पी. जी. पाटलांनी, पुढे शिवाजी विद्यापीठाचं कुलगुरुपद भूषवलं. 'कमवा आणि शिका' योजनेत आज काम करणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगते : तासांची नोंद ठेवा, नेमून दिलेल्या जागेची जबाबदारी मागून घ्या. ग्रंथालयात बसता तर एका कपाटाची मोजणी पूर्ण करून द्या.

विभागातलं सर्वांत चांगलं काम म्हणजे एकदिवसीय चर्चासत्र. ऐंशी माणसं, एक सभागृह, दोन पाहुणे. यात सगळं येतं. दहा आठवडे हातात ठेवा.

दहाव्या आठवड्याला (म्हणजे कार्यक्रमाच्या दहा आठवडे आधी) एका पानावर तीन गोष्टी लिहा : हे कुणासाठी, संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या हाती काय असेल, आणि खर्च किती. हे पान घेऊन विभागप्रमुखांकडे जा. तोंडी होकार पुरेसा नाही. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, मंजुरीची प्रत ठेवा. नवव्या आठवड्यात पाहुण्यांना फोन, आणि त्याच दिवशी फोनवर ठरलेलं सगळं लिहून ई-मेल. तारीख, विषय, किती मिनिटं, प्रवास कसा, मानधन किती. मानधनाचा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो आणि मग कार्यक्रमादिवशी पाकिटात किती घालायचे यावर जिन्यात कुजबुज होते. आधीच स्पष्ट सांगणं हाच पाहुण्यांचा मान.

सातव्या आठवड्यात अंदाजपत्रक पक्कं करा. आकडे नमुन्यादाखल धरते, दर तुमच्या गावाप्रमाणे घ्या. ८० जणांचा चहा-नाश्ता ६० रुपयांप्रमाणे ४,८००. जेवण १२० प्रमाणे ९,६००. पाहुण्यांचा प्रवास ३,०००, मानधन २,०००. प्रमाणपत्रं २० रुपयांप्रमाणे १,६००. किरकोळ १,०००. बेरीज २२,०००. अचानक येणाऱ्या खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे २,२०० वर. एकूण २४,२००. आता जमेची बाजू : नोंदणी शुल्क १५० प्रमाणे १२,००० आणि विभागाकडून १०,०००. तूट २,२०० रुपयांची. ही तूट सात आठवडे आधी कागदावर दिसली तर तीन वाटा असतात : शुल्क थोडं वाढवा, जेवणातला गोड पदार्थ काढा किंवा मदतीसाठी माजी विद्यार्थ्यांना विचारा. आदल्या रात्री दिसली तर एकच वाट उरते, ती म्हणजे कुणाच्या तरी खिशात हात घालणे. आणि या अंदाजपत्रकात मी शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हं मुद्दाम धरलेली नाहीत. पाहुण्यांना अर्धा किलो कंदी पेढे द्या. घरी जाऊन चार माणसं खातील आणि साताऱ्याची आठवण काढतील.

तीन आठवडे आधी एक बैठक फक्त एका प्रश्नावर घ्या. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती आहे आणि मी ती दरवर्षी वापरते. सगळ्यांना सांगायचं : समजा कार्यक्रम झाला आणि पार फसला. का फसला, ते प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून लिहा. कार्यक्रम फसेल असं म्हणायला माणूस कचरतो, कारण ते अपशकुनासारखं वाटतं. पण फसलाच आहे असं धरलं की सगळे मोकळे होतात. आमच्या याद्यांमध्ये येणारी कारणं ही अशी : पुण्याहून येणारे पाहुणे खंबाटकी घाटात अडकले, ऐन व्याख्यानात वीज गेली, पेन ड्राइव्हमधली फाईल उघडेना, मराठी फॉन्टच्या जागी चौकोन आले, प्रमाणपत्रावर नाव चुकलं, ऐंशीच्या जागी एकशे दहा आले. मग प्रत्येक कारणापुढे एक उपाय आणि एका माणसाचं नाव. पहिलं सत्र स्थानिक वक्त्याचं ठेवलं की घाटाची चिंता तिथेच मिटते. फाईल आदल्या दिवशी मागवून त्याच संगणकावर उघडून बघायची. नावं नोंदणी अर्जावरून उतरवून ज्याची त्याला वाचायला लावायची.

कार्यक्रम संपल्यावर तीन दिवसांत आभाराची पत्रं, आठ दिवसांत हिशेब, दहा दिवसांत दोन पानी अहवाल. इथेच बहुतेक जण सुटतात. फोटो टाकले की काम झालं असं वाटतं. ते झालेलं नसतं.

चौथं : काम वाटायचं कसं

"सगळ्यांनी मिळून बघू" या वाक्याने जेवढी कामं बुडाली तेवढी पावसानेही बुडाली नसतील. याचं एक जुनं शास्त्र आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसं वाढत गेली तसा दर माणशी जोर घटत गेला. आठ जणांत तो एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्म्यावर आला. काही तोटा एकाच वेळी हिसका न बसल्यामुळे होतो, आणि काही माणूस सैल पडल्यामुळे. पुढे अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं गेलं, तेव्हा प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर माणसं सैल पडायची थांबली. म्हणजे गटातली माणसं आळशी नसतात. आपला वाटा कुणाला दिसत नाही असं वाटलं की हात ढिला पडतो.

म्हणून गट चार-पाच जणांचा ठेवा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. दोन नावं लिहिली की हा त्याच्यावर ढकलतो आणि तो याच्यावर. मदतीला कितीही घ्या, जाब एकाला. काम सोपवताना पाच गोष्टी सांगा : नेमकं काय हवं, कधीपर्यंत, ते झालं हे कशावरून ओळखायचं, किती पैसे खर्चता येतील, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. "जेवणाचं बघ" हे काम सोपवणं नाही. "ऐंशी माणसांचं साधं जेवण, ताटामागे १२० पर्यंत, शुक्रवारपर्यंत तीन ठिकाणचे लेखी दर आण, शनिवारी आपण दोघं मिळून ठरवू," हे सोपवणं.

नवख्याला आणि जाणकाराला एकाच पद्धतीने सांगू नका. पहिल्यांदा करणाऱ्याला पायऱ्या दाखवा आणि मध्ये एकदा विचारा. ज्याने हे काम दोनदा केलंय त्याला फक्त तारीख सांगा आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. आणि तुमच्यापेक्षा वेगळ्या रीतीने त्याने काम पुरं केलं तर ती रीत तशीच राहू द्या. हे मला फार उशिरा जमलं. पीएच.डी.च्या काळात कनिष्ठांनी लावलेली नमुन्यांची लेबलं मी रात्री परत काढून माझ्या अक्षरात लावायची. महिन्याभराने त्यांनी लेबलं लावणंच सोडलं. का लावतील?

पाचवं : बैठक

बैठकीची वेळ ठरवताना आधी एसटीचं वेळापत्रक बघा. हे वाक्य मी जबाबदारीने लिहिते आहे. संध्याकाळी साडेपाचला बैठक ठेवली की पाटण, खटाव, माणकडच्या मुली आपोआप बाहेर पडतात. त्यांना नाही म्हणायची संधीही मिळत नाही, त्या फक्त येत नाहीत. मग वर्षाअखेरीस कुणीतरी म्हणतं, "मुली पुढे येत नाहीत." माझी एम.एस्सी.ची दोन वर्षं अशीच गेली. विभागातले सगळे निर्णय मी बसमध्ये असताना व्हायचे. आता आमच्या बैठका दुपारी एक वाजता, डबा खाऊन झाल्यावर, अर्धा तास.

आदल्या दिवशी विषयपत्रिका पाठवा. चार विषयांपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकापुढे लिहा : हे माहितीसाठी आहे, चर्चेसाठी आहे की निर्णयासाठी. ज्याने बैठक बोलावली त्याने आपलं मत शेवटी सांगायचं. तुम्ही आधी बोललात की बाकीचे माना डोलावतात. गप्प बसणाऱ्याला सगळ्यांसमोर "तुला काय वाटतं?" असं एकदम विचारू नका, तो आणखी आक्रसतो. आधी दोन मिनिटं सगळ्यांना लिहायला द्या, मग वाचायला सांगा. बोलताना चाचरणारी मुलं कागदावरचं नीट वाचतात, आणि अनेकदा सर्वांत कामाचा मुद्दा त्यांच्याच कागदावर असतो.

इतिवृत्त त्याच दिवशी, दहा ओळींत : काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. कोण काय म्हणालं ते लिहायची गरज नाही. हे लिहायचं काम दर वेळी मुलीकडे देऊ नका, पाळी लावा.

सहावं : पैशाला हात लावण्यापूर्वी

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण चांगलं नाव इथेच जातं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी अभ्यास सहलीचा खजिना माझ्याकडे होता. तीस जणांचे पैसे. चहाची, टोलची, नाश्त्याची बिलं मी पर्सच्या एका कप्प्यात कोंबत गेले. काही ठिकाणी बिल मागायला लाज वाटली, काही पावसात विरघळली. परत आल्यावर २,३०० रुपयांचा मेळ लागेना. माझ्यावर कुणी आरोप केला नाही, पण दोन मैत्रिणी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत. मी घरून पैसे आणून भरले. वडिलांनी त्या महिन्यात खताची एक गोणी कमी घेतली. तेव्हापासून माझा नियम असा की पैसा हातात आला त्या क्षणी वहीत.

करायचं ते इतकंच. सुरुवातीला मिळालेली रक्कम दोघांसमोर मोजून लिहा आणि दोघांची सही घ्या. शक्य तेवढे पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद आपोआप राहते, पण त्यासाठी स्वतःचं रोजच्या खर्चाचं खातं वापरू नका. वेगळं खातं ठेवा, नाहीतर सहलीचे आणि घरच्या किराण्याचे पैसे एकमेकांत मिसळतात. बिल मिळत नसेल तिथे जागच्या जागी साधं व्हाउचर लिहा : तारीख, कशासाठी, किती, घेणाऱ्याची सही. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच मिनिटाला. कुणाला उचल दिली तर तीही लिहा, आणि हिशेब दिल्याशिवाय दुसरी उचल नाही, मग तो जिवलग मित्र का असेना. रोज रात्री पाच मिनिटं : जमा, खर्च, हातात शिल्लक, आणि शिल्लक प्रत्यक्ष मोजून. शेवटी हिशेब सगळ्यांना दिसेल असा लावा. यात्रेनंतर देवळात हिशेब वाचून दाखवायची पद्धत पुष्कळ गावांत आहे. कुणी ऐकत बसतं असं नाही, पण वाचला जातो म्हणून पुढच्या वर्षी लोक वर्गणी देतात.

सातवं : मार्गदर्शकांशी व्यवहार

वरच्या माणसाला सांभाळून काम काढणं हाही कारभाराचाच भाग. सर किंवा मॅडम रागावतील म्हणून विद्यार्थी महिनोन्महिने तोंड चुकवतात, आणि मार्गदर्शकांना वाटतं की काम व्यवस्थित चाललंय. दर पंधरा दिवसांनी एक पान द्या. त्यात चार भाग : काय झालं, काय अडलं, पुढच्या पंधरवड्यात काय करणार, तुमच्याकडून काय हवं. शेवटच्या भागात उघडा प्रश्न टाकू नका. "सर, आता काय करू?" असं विचारलं की उत्तराला आठवडा लागतो. "नमुने कमी पडले आहेत. एक तर आणखी दोन गावं घेता येतील, त्याला तीन आठवडे लागतील. नाहीतर आहे त्यावर विश्लेषण करून मर्यादा नमूद करता येईल. मला पहिलं योग्य वाटतं, चालेल का?" असं विचारलं की पाच मिनिटांत निकाल लागतो. भेटीनंतर ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा. आदर त्याने कमी होत नाही. उलट पुढच्या भेटीत दोघांनाही आठवण राहते.

वाईट बातमी सर्वांत आधी सांगा. उपकरण बिघडलं, नोंदी हरवल्या, तारीख पाळता येणार नाही. जेवढं लवकर सांगाल तेवढे दुरुस्तीचे दिवस हातात राहतील.

आठवं : कनिष्ठ, श्रेय आणि भांडणं

दुसऱ्या वर्षाला गेलात की पहिल्या वर्षाच्या दोघा-तिघांना एखादी पद्धत शिकवायची जबाबदारी मागून घ्या. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्यांच्याकडून करवून घ्या, मग त्यांनी तुम्हाला समजावून सांगायचं. चूक दाखवायची तर एकट्याला, त्याच दिवशी आणि कामाविषयीच. "तू निष्काळजी आहेस" यात सुधारण्यासारखं काही नसतं. "तिसऱ्या ट्रेवर तारीख नाही, त्यामुळे तो आख्खा ट्रे टाकून द्यावा लागला" यात असतं.

संशोधनातली बहुतेक भांडणं नावांच्या क्रमावरून होतात. निबंधावर किंवा भित्तिपत्रकावर कुणाचं नाव पहिलं, कुणाचं फक्त आभारात, हे काम सुरू होण्यापूर्वी बोला आणि लिहून ठेवा. काम बदललं तर पुन्हा बोला. मैत्री आहे म्हणून हा विषय टाळू नका, मैत्री टिकावी म्हणूनच काढा. भांडण झालंच तर व्हॉट्सॲपच्या गटावर एक अक्षरही लिहू नका. दोघांना वेगवेगळं भेटा, दोघांचं पूर्ण ऐका, दुसऱ्याचं म्हणणं त्यांच्या समाधानाने मांडून दाखवता येतं का बघा, मगच एकत्र बसवा. मात्र कुणी कुणाचा छळ केला असेल, जातीवरून बोललं असेल, मुलीला त्रास दिला असेल, तर ते आपसात मिटवायचं भांडण नव्हे. तिथे महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे किंवा रॅगिंगविरोधी समितीकडे जायचं, आणि तक्रारदारासोबत तुम्ही स्वतः चालत जायचं.

संधी कुठे?

शोधावी लागत नाही इतकी जवळ आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिच्या सात दिवसांच्या शिबिरात स्वयंपाकाची किंवा भांडारगृहाची जबाबदारी घ्या. व्यासपीठावरच्या सूत्रसंचालनापेक्षा तिथे जास्त शिकाल. आविष्कार संशोधन स्पर्धेत उतरा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. त्याचं नुसतं प्रमाणपत्र आणू नका. दूध संघ, साखर कारखाना, एमआयडीसीतला छोटा कारखाना किंवा ग्रामपंचायत, जिथे जाल तिथे कामाचे आदेश कसे निघतात आणि अडलं की कोण कुणाला फोन करतं ते टिपून ठेवा. सांगलीकडच्या मुलांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मदतीचं काम केलंय. कुणाला धान्य मिळालं, कुणाला दोनदा मिळालं, कुणाला मिळालंच नाही, हे त्यांनी जवळून पाहिलंय. यादी नीट नसली तर चांगल्या मनाने आणलेली मदतही वाया जाते, हे त्यांना मी शिकवायची गरज नाही.

मुलाखतीत काय सांगायचं

बायोडेटात "माझ्यात नेतृत्वगुण आहेत" असं लिहिलेलं वाक्य खोडून टाका. त्याजागी लिहा : "८० जणांच्या एकदिवसीय चर्चासत्राचं नियोजन केलं. पाच जणांचा गट, अंदाजपत्रक २४,२०० रुपये, खर्च त्याच्या आत, हिशेब आठ दिवसांत सादर." आकडे तुमचे खरेच हवेत. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : काय चुकलं? त्याचं उत्तर तुमच्या वहीच्या चौथ्या रकान्यात आहे. काय चुकलं, तेव्हा तुम्ही काय ठरवलं, पुढच्या वेळी काय बदललं, हे क्रमाने सांगा. बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या त्या मुलीने एका पतसंस्थेच्या मुलाखतीत तिची ती वहीच टेबलावर ठेवली होती.

जाण्याआधी

चौथ्या सत्रात, परीक्षेच्या गडबडीच्या आधी, एक फाईल तयार करा आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात द्या. तिच्यात मंजुरीच्या अर्जाचा नमुना, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी, जेवणवाल्याचा आणि छपाईवाल्याचा लेखी दर, फसण्याच्या कारणांची ती यादी, आणि चुकलेल्या गोष्टी. फाईल देऊन निघून येऊ नका. तासभर शेजारी बसून पान पान उलगडून दाखवा, आणि पुढच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत जाऊन बसा. वीज गेली तरी उठू नका. जनरेटरची किल्ली कुणाकडे आहे, ते फाईलीत चौथ्या पानावर लिहिलेलं आहे.